पावशेर खसखस

बावीस वर्षं मी नाशिकहून माणसं परदेशात नेली आणि परत आणली. कुणी विचारलं, ‘मॅडम, मग तुम्ही जग बघितलं असेल!’ तर मी हो म्हणते. खरं सांगायचं तर मी जगातल्या विमानतळांवरचे सामानाचे पट्टे बघितले. बसमध्ये चढताना माणसं मोजा, उतरताना मोजा, जेवायला बसल्यावर मोजा. टूर मॅनेजर हे नाव भारदस्त वाटतं, काम मेंढपाळाचं.

मी वाढले एकलहऱ्याला, वीज केंद्राच्या वसाहतीत. वडील तिथं फिटर होते. विमान मी पहिल्यांदा आतून पाहिलं ते चौतिसाव्या वर्षी, आणि तेही तेवीस प्रवासी सोबत घेऊन. ‘मॅडम, पट्टा कसा लावायचा?’ असं त्यांच्यातल्या एकानं विचारलं तेव्हा मीही शेजारच्या सीटवरच्या माणसाचं बघून शिकत होते.

लोकांना भीती वाटते ती इमिग्रेशनची. काचेमागचा अधिकारी, पासपोर्ट, शिक्का. मला त्याचं फारसं काही वाटायचं नाही, कारण तिथं कागद तपासतात आणि कागद मी नाशिकलाच तीनदा तपासलेले असायचे. मला धास्ती असायची ती त्यानंतरच्या कस्टमची. तिथं बॅग तपासतात, आणि ऐन निघताना कुणी बॅगेत काय कोंबलं आहे हे आमच्या सहल कंपनीला ठाऊक नसतं, मला नसतं, कधी कधी खुद्द बॅगवाल्यालाही नसतं.

नियम तसा सोपा आहे. पट्ट्यावरून आपली बॅग उचलायची आणि दोनपैकी एक वाट धरायची. हिरवी वाट म्हणजे ‘माझ्याकडं सांगण्यासारखं काही नाही.’ लाल वाट म्हणजे ‘आहे, बघून घ्या.’ हिरव्या वाटेनं जाताना बंदी असलेलं काही सापडलं तर ती नुसती चूक राहत नाही, ते लपवणं ठरतं. आणि एकदा दाराबाहेर पडलं की परत आत येता येत नाही. म्हणून मी कायम सगळ्यांच्या शेवटी निघायचे.

बहुतेक वेळा जे सापडायचं त्यावर नंतर बसमध्ये हसायला मिळायचं. चांदवडचे एक बागायतदार पाच किलो कांदे घेऊन आले होते. ‘तिथला कांदा चाखायचा तर शेजारी आपला नको का?’ असं त्यांचं म्हणणं. एक निवृत्त हेडक्लार्क तर इतके सरळ की अधिकाऱ्यानं ‘काही सांगायचंय?’ असं विचारताच त्यांनी बॅग उघडून बनियनपासून कवळीच्या डबीपर्यंत एकेक वस्तू काढून नाव सांगायला सुरुवात केली. अधिकाऱ्यानंच हात जोडले.

पण एकदा हसण्यासारखं काही नव्हतं. त्याला आता काही वर्षं झाली. ते मी आजवर लिहिलं नाही, कारण त्यात मी चांगली दिसत नाही.

आखातातल्या एका देशाची पाच दिवसांची सहल होती. माझ्यासकट अठ्ठावीस माणसं. त्यात येवल्याच्या गयाकाकू होत्या. पासष्टी ओलांडलेल्या, बारीक अंगाच्या, नऊवारीवर मुलाचा स्वेटर घालून आलेल्या. त्यांच्या घरी पैठणीचा माग आहे; नवरा गेल्यावर मुलगा तो चालवतो. काकूंना समुद्र, उंच इमारती, यातलं काही बघायचं नव्हतं. त्यांची मुलगी सविता त्याच शहरात राहत होती. जावई एसी दुरुस्तीच्या कामावर. सविताला आठवा महिना लागला होता, आणि एका खोलीच्या घरात आईला बोलावून घेणं त्या दोघांना जमत नव्हतं. आमच्या सहलीसोबत गेलं तर निदान चार-पाच वेळा लेकीचं तोंड दिसेल, म्हणून काकू आल्या होत्या.

निघायच्या आठवडाभर आधी आम्ही सगळ्या प्रवाशांची बैठक घ्यायचो. ऑफिसात खुर्च्या मांडायच्या, चहा द्यायचा आणि काय न्यायचं, काय नाही, त्याची यादी वाटायची. मी ती मोठ्यानं वाचूनही दाखवायचे. त्या दिवशीही वाचली. काकू दुसऱ्या रांगेत बसून सगळं ऐकत होत्या, मान डोलवत होत्या.

विमान भरदुपारी उतरलं. इमिग्रेशन सुरळीत झालं. त्या विमानतळावर हिरव्या वाटेवरही प्रत्येक बॅग यंत्रातून जायची. माझी माणसं एकेक करून पलीकडं निघाली होती. पंचवीस गेली, सव्वीस गेली. सत्ताविसाव्या काकू. त्यांची बॅग यंत्रात गेली आणि पट्टा थांबला. पडद्याकडं बघणाऱ्यानं पट्टा मागं घेतला, पुन्हा पुढं नेला आणि शेजारच्या तरुण अधिकारी बाईंना हाक मारली.

“ही कुणाची बॅग?” त्यांनी इंग्रजीत विचारलं.

“काकूंची. मी यांची टूर मॅनेजर,” मी पुढं होऊन म्हणाले.

“दोघी आत चला.”

काचेच्या दारापलीकडं आमच्या ग्रुपमधले पगारे सर उभे दिसले. नाशिकरोडच्या शाळेतून निवृत्त झालेले, शांत माणूस. मी त्यांना हातानं खूण केली, सगळ्यांना घेऊन बसकडं जा. त्यांनी मान हलवली, पण जागचे हलले नाहीत.

खोलीत एक लांब टेबल, तीन खुर्च्या. टेबलामागं एक वयस्कर अधिकारी. काकूंच्या बॅगेतून कपडे बाजूला काढले तर खाली जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेल्या चार पुरचुंड्या. बाईंनी एकेक सोडली. पहिलीत डिंक. दुसरीत अळीव. तिसरीत खारकेची पूड. चौथी सुटली आणि बारीक, पांढुरक्या दाण्यांचा ढीग टेबलावर पसरला. ती खसखस होती, पावशेर तरी असेल. बाळंतिणीच्या लाडवाचं सामान.

आपल्याकडं कुठल्याही किराणा दुकानात मिळणारी ही वस्तू तिकडं अमली पदार्थांत मोडते, कारण ती अफूच्या बोंडातून निघते. हे मला माहीत होतं. या एका वस्तूपायी माणसं आत गेल्याचं मी ऐकलेलं होतं.

“हे काय आहे?” वयस्कर अधिकाऱ्यानं विचारलं.

मी उत्तर द्यायच्या आतच काकूंना प्रश्न कळला. त्या म्हणाल्या, “खसखस हाय, साहेब.”

अधिकाऱ्याची मान झटकन वर झाली. “खश्खाश?”

त्यांच्या भाषेतही शब्द जवळजवळ तोच. काकूंना वाटलं, साहेबांना ओळख पटली, आता सुटलो. त्या चक्क हसल्या. “हां, खसखस! लेकीला लाडू करायला.”

अधिकारी हसला नाही. त्यानं आमचे दोघींचे फोन टेबलावर ठेवायला सांगितले आणि काकूंचा पासपोर्ट खिशात घातला. मग मला म्हणाला, “हिला इंग्रजी येत नाही. मी विचारीन ते तिला सांग, ती बोलेल ते मला सांग. नीट.”

प्रश्न सुरू झाले. बॅग कुणी भरली? स्वतः. कुणी काही नेऊन द्यायला दिलं होतं का? नाही. विकायला आणलं? काकूंना हा प्रश्नच समजेना. मी दोनदा विचारला. “इकायला? लेकीला कोन इकतं बाई?” मी जसंच्या तसं सांगितलं.

मग पुढचा प्रश्न आला. “इथं काय आणायचं नाही हे तिला कुणी सांगितलं होतं का?”

मी मराठीत विचारलं. काकूंनी माझ्याकडं बघितलं आणि सावकाश, एकेक शब्द जुळवत त्या बोलल्या, “तुमी यादी वाचली व्हती, ते मी ऐकलं. घरी पोराकडून पुन्हा वाचून घेतली. गुटखा नाय, पान नाय, गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीबिगर नाय. पन खसखशीचं नाव त्यात नव्हतं. असतं तर मी कशाला आनली असती?”

तेव्हा मला ती यादी डोळ्यांसमोर दिसली. मुंबईच्या एका मोठ्या एजन्सीकडून आलेला इंग्रजी कागद मी दोन वर्षांपूर्वी मराठीत केला होता. केला म्हणजे काय, देवनागरीत उतरवला होता. सातव्या ओळीत मी लिहिलं होतं, ‘पॉपी सीड्स’. बैठकीत वाचतानाही तेच वाचलं होतं. दोन वर्षांत एकाही माणसानं विचारलं नाही, पॉपी सीड्स म्हणजे काय. आणि मला सांगावंसं वाटलं नाही. त्या देशातल्या अधिकाऱ्याचा शब्द आणि येवल्याच्या काकूंचा शब्द एक होता. मधल्या माझ्या कागदावर तेवढा वेगळा होता.

अधिकारी उत्तराची वाट बघत होता. ते सगळं सांगायचं म्हणजे चूक माझी आहे हे सांगायचं, आणि मग काकूंच्या जागी मी जाणार. घरी माझ्या मुलीचं बारावीचं वर्ष होतं. बाहेर सव्वीस माणसं. हे सगळं कारण म्हणून लिहीत नाही. त्या क्षणी डोक्यात काय आलं ते लिहिते आहे.

मी इंग्रजीत म्हणाले, “हो, यादी दिली होती. हिला हे माहीत नव्हतं.”

त्यात खोटं एकही अक्षर नव्हतं. अधिकाऱ्यानं मान हलवली आणि संगणकावर लिहायला लागला. काकू लुगड्याचा पदर बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. दारावर एकदा टकटक झाली, अधिकारी बाईंनी जाऊन बघितलं आणि परत येऊन मला म्हणाल्या, “बाहेर एक मुलगी आई कुठं आहे म्हणून विचारते आहे.” मी ते काकूंना सांगितलं. त्या उठून उभ्या राहिल्या. बाईंनी हातानंच बसायला सांगितलं.

कागद छापून आला. वर अरबी मजकूर. अधिकाऱ्यानं तो मला इंग्रजीत वाचून दाखवला आणि म्हणाला, “हिला समजावून सांग आणि इथं सही घे.” नाव, गाव, वस्तू, वजन. शेवटचं वाक्य असं होतं : ‘मनाई असलेल्या वस्तूंची यादी या प्रवाशाला टूर मॅनेजरनं आधी दिलेली होती. तरीही तिनं ही वस्तू आणली.’

माझ्या दोन वाक्यांपैकी त्यानं पहिलं ठेवलं होतं आणि दुसरं गाळलं होतं. गाळणारच. यादी दिली म्हटल्यावर माहीत नव्हतं हे कोण मानेल?

मी काकूंना नाव, गाव, वजन सांगितलं. शेवटच्या वाक्यापाशी थांबले. काकू म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या. तुमी बघितलं नं? मग बराबरच आसंल.” आणि त्यांनी पेन उचललं. प्रौढ साक्षरतेच्या वर्गात शिकलेली सही. ‘ग’ काढला, त्यावर रेघ ओढली. ‘या’ काढायला लागल्या.

मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

“सर, हा कागद चुकीचा आहे,” मी म्हणाले. “मघाशी हिनं जे सांगितलं ते मी सगळं सांगितलं नाही.”

अधिकाऱ्याचा चेहरा बदलला. “का?”

“कारण त्यात माझी चूक निघते.”

मी हँडबॅगेतून यादीची प्रत काढली. सातव्या ओळीवर बोट ठेवून सांगितलं : ही लिपी आमची आहे, शब्द इंग्रजी आहे, या बाईंनी तो आयुष्यात ऐकलेला नाही. मला त्याचा अर्थ माहीत होता आणि मी तो सांगितला नाही. यादी मी लिहिली, वाचलीही मीच.

तो बराच वेळ त्या ओळीकडं बघत राहिला. त्याला ती वाचता येत नव्हती, तरी बघत राहिला. मग त्यानं हात पुढं केला. “तुझाही पासपोर्ट.”

आम्हाला बाजूच्या बाकावर बसवलं. अधिकारी फोन करायला आतल्या खोलीत गेला. खसखशीचा नमुना एका पाकिटात घालून कुणीतरी घेऊन गेलं. अधिकारी बाई दाराशी उभ्या राहिल्या.

काकूंना काय झालं ते मला सांगणं भाग होतं. मी सांगितलं. पॉपी सीड्स म्हणजे खसखस. मी तुम्हाला ते सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. आणि मघाशी साहेबांनाही पुरतं सांगितलं नाही.

त्या समोरच्या भिंतीकडं बघत होत्या. “ते मला कळलं व्हतं,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“मी एवढं बोलले, आन् तुमी दोनच शब्द बोलल्या. इंग्रजी येत नसलं तरी बोलनं लांब हाय का आखूड, ते कळतं की.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“कुनाला बोलू? इथं माझं ऐकनारं तुमच्याबिगर कोन हाय?”

बावीस वर्षांत मला पुष्कळ लोकांनी पुष्कळ सुनावलं. जेवणात मीठ कमी, खिडकी मिळाली नाही, हॉटेलातून समुद्र दिसत नाही. ते सगळं मी विसरले. हे विसरले नाही.

दोन तास गेले असतील. मध्ये अधिकारी बाईंनी काकूंना पाणी आणून दिलं आणि मला विचारलं, “मुलीला कितवा महिना?” मी सांगितलं. त्या आत गेल्या, त्यांचं काहीतरी बोलणं झालं, आणि थोड्या वेळानं त्या सविताला घेऊन आल्या. पोट पुढं आलेलं, चेहरा रडून सुजलेला, हातात तिकडचं ओळखपत्र. मागं जावई. त्यांना दाराशीच थांबवून प्रश्न विचारले : आई का आली, सामान कशासाठी, कुठं राहता, काय काम करता. सविताला तिथली भाषा थोडी येत होती. ती लाडवाचं सांगताना हातानं गोल वळून दाखवत होती. काकू बाकावरून लेकीकडं एकटक बघत होत्या. दोघींच्या मध्ये दहा पावलं होती आणि उठायची परवानगी नव्हती.

शेवटी वयस्कर अधिकारी बाहेर आला. वरिष्ठांशी, सरकारी वकिलांशी त्याचं बोलणं झालं होतं. घरगुती वापर, वय, बाहेर वाट बघणारी गरोदर मुलगी, आणि माझा जबाब हे सगळं धरून पुढं गुन्हा नोंदवणार नव्हते. वस्तू जप्त. आम्हा दोघींकडून लेखी हमी. नवा कागद आला. या वेळी मी त्यातलं एकेक वाक्य काकूंना मराठीत सांगितलं, आणि त्यांनी प्रत्येक वाक्यानंतर मला विचारलं, “एवढंच लिवलंय नं?” मग सही केली. माझ्या सहीचा कागद वेगळा होता.

पासपोर्ट परत देताना अधिकारी मला म्हणाला, “तो कागद आजच बदल.”

बाहेर आलो तेव्हा ऊन कलंडलं होतं. काकू लेकीच्या गळ्यात पडल्या, पण अशा बेतानं की पोटावर भार येऊ नये. पगारे सर तिथंच होते. सगळ्यांना बसनं हॉटेलवर पाठवून ते एकटे दारासमोर तीन तास उभे राहिले होते. त्यांनी माझी बॅग माझ्या हातातून घेतली.

उरलेले चार दिवस काकू बसमध्ये मागच्या सीटवर बसल्या. मी माणसं मोजताना त्यांच्यापाशी यायचे तेव्हा त्या हात वर करायच्या, तोंड खिडकीकडं.

नाशिकला आल्यावर मालकांना मी सगळं स्वतःहून सांगितलं. “कबूल कशाला केलंत?” ते म्हणाले. “आता आपलं नाव त्यांच्या दप्तरी लागलं ना!” मला वर्षभर परदेशी सहलीवर पाठवलं नाही; ऑफिसात फोनवर बसवलं. त्या वर्षात मी यादी नव्यानं लिहिली. रविवार कारंज्याजवळच्या एका जुन्या किराणा दुकानदाराकडं जाऊन बसले आणि यादीतल्या एकेका वस्तूवर बोट ठेवून विचारलं, याला तुमच्याकडं येणारी माणसं काय म्हणतात? पेठ-सुरगाण्याकडची काय म्हणतात, मालेगावकडची काय म्हणतात? सगळी नावं लिहिली. ती यादी चांगली झाली, याचा मला अभिमान आहे. पण मला खटकतो तो ‘पॉपी सीड्स’ हा शब्द नाही. अज्ञानानं, आळसानं माणूस चुकतो. मला खटकतात ती त्या अर्धवट उत्तरापासून सहीपर्यंतची काही मिनिटं. काकूंनी सहीतलं पुढचं अक्षर जरा भरभर काढलं असतं तर?

सात-आठ महिन्यांनी मी एसटीनं येवल्याला गेले. मागाचा खटखट आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत येत होता. काकूंनी दारात मला बघितलं आणि “या,” म्हणाल्या. सविताला मुलगा झाला होता. त्याचा फोटो दाखवला. चहा केला. मी माफी मागायला आले आहे असं म्हटल्यावर त्यांनी बशी खाली ठेवली.

“राग ऱ्हायला नाय आता. पोरगी सुखरूप सुटली, मी सुखरूप आले,” त्या म्हणाल्या. “पन तुमच्यासंगं इमानात पुन्हा बसायची नाय मी.”

मी बरं म्हटलं.

मी निघण्याच्या बेतात होते, तेवढ्यात शेजारच्या मंदाताई आत आल्या. त्यांचा मुलगा आखातात नोकरीला लागला होता आणि त्या पुढच्या आठवड्यात पहिल्यांदा त्याच्याकडं निघाल्या होत्या. सोबत काय काय घेतलं आहे ते त्या काकूंना सांगायला लागल्या : लोणचं, मेतकूट, गुडघ्याच्या गोळ्या, पूजेचं सामान. काकूंनी त्यांना मध्येच थांबवलं आणि माझ्याकडं बोट केलं.

“जा, समदी पिशवी हितं घिऊन ये आन् या बाईंना दाखव. त्यांना इचार,” काकू म्हणाल्या. “आता आखूड नाय सांगायच्या त्या.”